आसावरीची जोडी अभिजित राजेंशी जुळते, पण जास्त जुळते ती शुभ्राशी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत मालिकांमधल्या आवडत्या जोड्यांवर वाचकांची मतं पानभर छापून आली होती ती वाचली. त्यात 'अग्गंबाई सासूबाई'मधली आसावरी आणि अभिजित राजे यांच्यावर तर कौतुकाचा पाऊसच होता, का तर म्हणे दोघांनाही स्वयंपाकाची आवड, दोघंही शांत, दोघंही उतारवयाला लागलेले, अगदी मेड फॉर ईच अदर. आता मला त्या जोडीचं वावडं आहे असं अजिबात नाही, उलट मी ती मालिका तेव्हा रोज बघितली आणि आता अ‍ॅपवर परत बघतेय, भाजी निवडता निवडता. पण दोन माणसं एकमेकांना शोभतात का हे आपण ज्या गोष्टींवरून ठरवतो ना त्याचीच मला गंमत वाटते, म्हणून म्हटलं लिहावं. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. झी मराठीवर जुलै २०१९ मध्ये ही मालिका सुरू झाली. आसावरी कुलकर्णी म्हणजे निवेदिता सराफ, नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, घरात कडक शिस्तीचे सासरे आणि लाडाने वाया गेलेला मुलगा सोहम उर्फ बबड्या. बबड्याचं लग्न शुभ्राशी होतं (तेजश्री प्रधान, म्हणजे 'होणार सून मी ह्या घरची'मधली आपली जुनी जान्हवी), आणि ही सून बघते की आपली सासू दिवसभर नुसती सगळ्यांच्या पुढेपुढे करतेय, तिला स्वतःचं असं काहीच नाही, मग ती सासूचंच लग्न लावायचं मनावर घेते, आणि नवरदेव कोण तर नावाजलेले शेफ अभिजित राजे, डॉ. गिरीश ओक. सासऱ्यांचा कडाडून विरोध, मुलाचा थयथयाट, आणि सगळ्यांना पुरून उरणारी शुभ्रा.

मजा बघा, साडेआठची हीच वेळ त्याआधी 'तुला पाहते रे'ची होती. ती जुलैच्या विसाव्या तारखेला संपली आणि बावीसला ही सुरू झाली, म्हणजे तिचा नायक विक्रांत सरंजामे (सुबोध भावे) गेला आणि अभिजित राजे आले, मध्ये फक्त रविवार. विक्रांत आणि ईशाच्या वेळी आमच्या भिशीत काय भांडणं व्हायची, वयात वीस वर्षांचं अंतर, शोभतं का हे, बाप वाटतो की तिचा, मुलींना काय शिकवण द्यायची यातून, आणि दुसरी पार्टी म्हणायची प्रेमाला वय नसतं आणि सुबोध भावे असेल तर मुळीच नसतं. सगळा महाराष्ट्र वयावर भांडत बसला आणि शेवटी निघालं काय, तर तो माणूस विक्रांत सरंजामे नव्हताच, गजेंद्र पाटील होता, पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, जीव घेतलेला आणि इस्टेटीसाठी या पोरीला राजनंदिनी बनवायला निघालेला! आता सांगा, वय हा प्रश्न होता का? चाळीस वर्षांचं अंतर असतं आणि माणूस खरा असता तरी चाललं असतं एक वेळ. आपण मोजत बसलो जन्मतारखा.

आसावरी आणि अभिजितच्या बाबतीत उलटं झालं. इथे वय जुळलं, म्हणून लोकांनी बाकीचं काही बघितलंच नाही. एकदा दोघंही पिकल्या केसांचे आहेत म्हटल्यावर आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि अक्षता टाकल्या.

माझ्या सासूबाई पंचांग उघडून गुणमेलनाच्या कोष्टकात बोट फिरवायच्या, त्यामुळे मला ते छत्तीस गुणांचं गणित पाठ आहे. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, भकूटाचे ७ आणि नाडीचे ८, झाले ३६, पैकी १८ जुळले की पुढे जायचं. आता नाडी बघायची ती मुख्यत्वे संततीसाठी, म्हणजे जिचा मुलगा लग्नाला आलाय (आणि लग्न झाल्यावरही तिच्याच हातून जेवतोय) तिच्या दुसऱ्या लग्नात हे आठ गुण निकालात. उरले अठ्ठावीस. त्यात ग्रहमैत्री म्हणजे मनं जुळणं आणि गण म्हणजे स्वभाव, हे दोनच मला महत्त्वाचे वाटतात. माझा पत्रिकेवर फारसा विश्वास नाही पण निदान त्या कोष्टकात स्वभावाला आवडीनिवडीपेक्षा जास्त मार्क आहेत, हे आपल्या पुरवणीतल्या वाचकांपेक्षा बरं आहे. 'दोघांनाही स्वयंपाक आवडतो' याला त्यात एकही गुण नाही!

स्वयंपाकाचंच घेते आधी, कारण सगळे तिथेच अडकलेत. तो शेफ, ती सुगरण, त्याला तिच्या हातची चव आवडली, झालं, जोडी जमली. पण नीट बघा हो. अभिजित राजे स्वयंपाक करतात तो चार लोकांनी वा म्हणावं म्हणून, पांढरा कोट घालून, मदतनीस हाताशी घेऊन, आणि काम झालं की ते किचनमधून बाहेर येतात. आसावरी स्वयंपाक करते ती आपलं या घरातलं स्थान टिकावं म्हणून. सासऱ्यांच्या वेळा, मुलाच्या फर्माईशी, कुणी 'छान झालंय' म्हटलं तर बोनस, नाही म्हटलं तर काय चुकलं म्हणून हीच रडवेली. तिचं किचन कधी संपतच नाही, तिला तिथून बाहेर यायचं असतं हेच तिच्या डोक्यात नसतं. ही आवड एक कशी काय? मला तर वाटतं दोघांमध्ये सगळ्यात मोठी दरी कुठे असेल तर ती ओट्यापाशीच होती, आणि मालिकेने बरोबर तिथेच त्यांचं प्रेम जमवलं. एक बाई जन्मभर ओट्याशी उभी राहिली आणि तिला सुख म्हणून काय मिळालं, तर ओट्याशी उभा राहणारा नवरा. त्यापेक्षा तिला एखादा नाटकवेडा नाहीतर भटक्या माणूस मिळाला असता तर निदान घराबाहेर तरी पडली असती.

पण तरीही मी म्हणते ते दोघं एकमेकांना शोभतात. कशामुळे, तर अभिजित राजे तिला घाई करत नाहीत. ती वाक्य अर्धं सोडते तर हा माणूस ते स्वतः पूर्ण करत नाही, थांबतो. आपल्याकडचे पुरुष (माझ्या घरचेही आले त्यात, वाचतील तर वाचू देत) बायको बोलायला लागली की तिसऱ्या शब्दाला तिचं वाक्य हातात घेतात आणि भलतीकडे नेऊन ठेवतात. गिरीश ओक यांनी ते थांबणं फार छान केलंय, काही न करता नुसतं मान किंचित तिरकी करून बघत राहायचं, आणि समोर निवेदिता सराफ पदराशी चाळा करत शब्द शोधतायत. त्या दोघांच्या अशा सीनमध्ये पार्श्वसंगीत बंद ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं, पण आपल्याकडे सनई नाहीतर बासरी वाजल्याशिवाय प्रेक्षकांना प्रेम कळत नाही असा चॅनलवाल्यांचा ठाम समज आहे.

तर स्वभाव जुळतो. दोघंही सोशिक, दोघंही दुसऱ्याचं मन मोडायला घाबरणारे, दोघंही 'असू दे, होईल नीट' या पंथाचे. आणि माझं म्हणणं हे आहे की त्यांच्या संसाराची गोची नेमकी इथेच झाली! दोन सोशिक माणसं एका घरात आली की एकमेकांशी सोन्यासारखी वागतात, पण तिसऱ्याला नाही म्हणायला घरात कोणीच उरत नाही. आणि इथे तिसरा कोण होता? बबड्या.

बबड्याबद्दल काय बोलायचं. २०२० मध्ये तो शब्द इतका रूढ झाला होता की परीक्षा घ्यायच्या की नाही या वादात राजकारणीसुद्धा टोमणे मारायला तो वापरत होते. आशुतोष पत्की बिचारा चांगला कलाकार, पण लोकांनी त्याच्यावर मीम करून करून त्याला हैराण केलं असेल. आळशी, खोटारडा, आईच्या जिवावर ऐश करणारा आणि बायकोला फसवणारा हा घोडा, आणि त्याच्या प्रत्येक उपद्व्यापावर आईचं उत्तर काय तर डोळ्यात पाणी आणि 'माझा बबड्या तसा नाहीये'. ठीक आहे, आई आहे, आंधळी झालीय. पण मग नवीन नवऱ्याने काय केलं? त्याने आसावरीचं मन राखलं. म्हणजे परत परत माफ केलं, परत परत समजून घेतलं, कारण याला काही बोललं तर ती दुखावेल. मी टीव्हीसमोर बसून म्हणायची अहो राजे, दुखावू दे ना एकदा! एकदा दुखावेल, पण तिला कळेल तरी. जो माणूस तुमच्यासारखाच हळवा असतो तो तुम्हाला समजतो शंभर टक्के, पण खड्ड्यात पडलात तर तोही तुमच्या शेजारी खड्ड्यात येऊन बसतो आणि म्हणतो, मी आहे ना.

इथे मला आमच्या नात्यातलं एक उदाहरण द्यायचंय, नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. माझी एक मावसबहीण, नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन परगावी, आणि पन्नाशीनंतर तिने ओळखीतल्याच एका विधुर गृहस्थांशी रजिस्टर लग्न केलं. लग्नानंतर थोड्या दिवसांनी मी तिच्याकडे गेले तर स्वयंपाकघरात मांडणीसमोर दोघं उभे. त्यांच्या पहिल्या लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांवर पहिल्या बायकोचं नाव कोरलेलं, हिच्या डब्यांवर हिच्या पहिल्या सासऱ्यांचं नाव आणि तारीख, आणि जागा एकाच संसाराची. ते म्हणाले सगळंच ठेवू, कशाला उगाच. ही म्हणाली सगळं ठेवलं तर रोज चार माणसांचा संसार होईल, मला जमणार नाही. तुमच्या तिचा तांब्या ठेवा, माझ्याकडचा मोठा डबा ठेवा, बाकी मुलांना वाटून टाका, आणि कुकर नवीन घ्या. ते जरा गप्प झाले, मग पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले, तासाभराने येऊन म्हणाले कुकर किती लिटरचा घ्यायचा. मला वाटतं त्या तासाभरात त्यांचं लग्न झालं, रजिस्टर ऑफिसात झालं ते वेगळं. तो माणूस नको म्हणणाऱ्यातला नाही पण ती आहे, म्हणून ते घर चालतंय. दोघंही 'सगळंच ठेवू'वाले असते तर आज त्या घरात पाय ठेवायला जागा नसती.

असा कुकर आसावरीच्या संसारात कधी आलाच नाही. लग्नानंतरही सासरे होतेच, मुलगा होताच, सून होतीच, सगळा गोतावळा तसाच, फक्त गळ्यात नवीन मंगळसूत्र. मी काही सासऱ्यांना सोडून दे म्हणत नाहीये हां, उलट ते आजोबा माझे फार लाडके, रवी पटवर्धनांनी काय उभे केले होते, नुसता आवाज चढला की इकडे आमच्या घरातले लोक सावरून बसायचे. डिसेंबर २०२० मध्ये ते गेले तेव्हा घरातलंच कोणी गेल्यासारखं झालं. पण नवराबायकोला दोघांनाच म्हणून काहीतरी ठरवावं लागतं, भांडावं लागतं, आणि यांना भांडणाचा एक एपिसोड सुद्धा धड मिळाला नाही. भांडण यायचं ते बाहेरून, बबड्याकडून, आणि हे दोघं मिळून सहन करायचे. सहन करणं हा काही संसार नव्हे.

आता माझा खरा मुद्दा. त्या मालिकेत आसावरीला पूरक माणूस एकच होतं आणि ते म्हणजे शुभ्रा. ही गप्प बसते तिथे ती बोलते. ही घाबरते तिथे ती दार उघडते. आणि उलट बाजूनेही बघा, शुभ्रा तडकफडक, सरळ तोंडावर बोलणारी, तिला जी माया हवी होती, जे मुरलेपण हवं होतं, ते तिला नवऱ्याकडून कधी मिळालंच नाही, मिळालं ते सासूकडून. दोघी एकमेकींमुळे बदलल्या. आसावरी थोडी का होईना ताठ झाली, शुभ्रा थोडी थांबायला शिकली. अभिजित राजेंमुळे आसावरी सुखी झाली असेल, पण बदलली ती सुनेमुळे. आणि नावातच आहे की हो सगळं, मालिकेचं नाव काही 'अग्गंबाई राजे' नव्हतं! आपण प्रेक्षक मात्र जोडी म्हटलं की एक बाई एक बुवा एवढंच शोधतो, आणि पुरस्कारांच्या कार्यक्रमातही तशीच जोडी स्टेजवर बोलावून बक्षीस देतात.

लेखकांनाही हे कळलं नसावं, नाहीतर त्यांनी पुढे जे केलं ते केलं नसतं. मार्च २०२१ मध्ये ही मालिका संपवून लगेच 'अग्गंबाई सूनबाई' आली आणि त्यात काय तर आसावरी एकदम कंपनी चालवणारी बिझनेसवुमन आणि शुभ्रा भित्री, घरात राबणारी, मुलाच्या मागे धावणारी! शुभ्रा बदलली म्हणजे कलाकारही बदलली, उमा पेंढारकर आली, ती छान मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. पण का? एकीला वर चढवायचं तर दुसरीला खाली का बसवायचं? दोघी एकाच वेळी धीट असू शकतात ही कल्पना इतकी अवघड आहे का? दोघींचं एकमेकींशी जे जमलेलं होतं तेच मोडलं आणि मग ती मालिका ऑगस्टपर्यंत कशीबशी चालून संपली. मला आश्चर्य वाटलं नाही.

त्यातली अजून एक गंमत, नवीन सोहम झाला अद्वैत दादरकर. आता हा माणूस त्याच मार्चपर्यंत 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये सौमित्र होता, म्हणजे नागपूरच्या राधिकाचा तो देवमाणूस मित्र, जो तिच्या पाठीशी उभा राहिला, मसाल्यांच्या कंपनीत साथ दिली आणि शेवटी नवरा झाला. आठवडाभरात तोच चेहरा बबड्या म्हणून समोर! माझ्या जाऊबाई तर म्हणाल्या, बघ, लग्नानंतर सगळे असेच होतात. आम्ही हसून हसून बेजार.

राधिका आणि सौमित्रचं नाव निघालंच आहे तर सांगते, ती जोडी मला कधी पटली नाही. तो इतका चांगला होता की त्याला स्वतःचं असं काही नव्हतंच, त्याला राग येत नाही, कंटाळा येत नाही, राधिकेने पहिला नवरा गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया यांच्या मागे साडेचार वर्षं घालवली तरी हा आपला हसतमुख. राधिकेला नवरा नको होता हो, तिला एक चांगला मॅनेजर हवा होता आणि तो तिला मिळाला, यापेक्षा जास्त मला त्यात काही दिसत नाही. राग येईल कुणाला तर येऊ दे.

आणि खरोखर जुळलेली जोडी बघायची तर मागे जा, २०१२, 'एका लग्नाची दुसरी गोष्ट', घना आणि राधा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. त्याला अमेरिकेला जायचंय, तिला लग्नच करायचं नाही, दोघांच्या घरचे मागे लागलेत, म्हणून दोघं ठरवून खोटं लग्न करतात, नंतर मोडायचं असं आधीच ठरवून. आता यात फिल्मीपणा आहेच, पण बघा की त्या दोघांनी लग्नाआधी बसून अटी ठरवल्या होत्या! मला हे चालेल, हे चालणार नाही, इतके दिवस, मग मोकळे. किती खऱ्या लग्नांत हे बोलणं होतं? आपल्याकडे बैठकीत मानपान, आहेर आणि कार्यालयाचं भाडं कोण देणार हे ठरतं, पोरापोरीने काय चालेल काय नाही हे कोणी विचारत नाही. घना आणि राधा एकमेकांना टोकाचे वेगळे होते, भरल्या घरातला एक आणि बापलेकीच्या घरातली एक, रोज वाजायचं त्यांचं, पण एकमेकांना नाही म्हणायची सोय होती, आणि त्या नाहीतूनच प्रेम झालं. आसावरी आणि अभिजित यांना ही सोय त्यांच्या स्वभावाने दिली नाही आणि लेखकांनीही नाही.

मला माहितीये यावर कोणीतरी लिहील की बाई तुम्ही फार किस काढताय, एका विधवा बाईचं दुसरं लग्न प्राइम टाइमला दाखवलं हेच केवढं मोठं आहे. आहे ना, मी कुठे नाही म्हणते. ज्या महाराष्ट्रात अण्णा कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं, तिथे सव्वाशे वर्षांनी टीव्हीवरच्या घरात अजून त्याच गोष्टीवर वाद घालताना दाखवावा लागतो, आणि ते खरंही वाटतं. कायदा तर त्याही आधीचा, १८५६ चा. आणि मालिका संपल्यावर वर्षाने, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची सरकारनेही दखल घेऊन बाकीच्या गावांना तसंच करा म्हणून सांगितलं. म्हणजे २०२२ मध्येही ठराव करायची वेळ येते. त्यामुळे आसावरीच्या कपाळावर परत कुंकू लागलं तेव्हा माझ्या सासूबाई, ज्या पंचांगावाल्या, त्या काही न बोलता डोळे पुसत होत्या हे मी बघितलंय, आणि मालिकेचं ते श्रेय मी कधीच काढून घेणार नाही.

पण म्हणूनच तर माझी तक्रार जास्त आहे. एवढं धाडस करून लग्न लावलंत, तर मग त्या दोघांना संसार का करू दिला नाहीत? लग्न हा शेवट नसतो, त्या वयात तर नसतोच. गोळ्यांचे डबे कुठे ठेवायचे, पंखा कितीवर ठेवायचा, श्राद्धाला पहिल्या नवऱ्याचं पान वाढायचं का, पैसे एकत्र की वेगळे, घर कुणाच्या नावावर, माझ्या मुलाला तुझ्या पैशातून द्यायचं की नाही. यातल्या एकेका प्रश्नावर आठवडा निघाला असता! बबड्याच्या कारस्थानांपेक्षा मी तर ते जास्त आवडीने बघितलं असतं.

तसं होत नाही याचं कारणही आपल्याला माहिती आहे. आठवड्याला सहा भाग भरायचे, गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यात व्हिलन चालला की व्हिलनला वाढवा, आणि बबड्या चालला, आपणच शिव्या घालत घालत चालवला. त्यात २०२० च्या मार्चमध्ये शूटिंग बंद पडली ती नवे भाग यायला जुलै उजाडला, वर सरकारी नियमाप्रमाणे पासष्टच्या वरच्या कलाकारांना सेटवर यायलाच मनाई, ती ऑगस्टमध्ये हायकोर्टाने काढली. त्या सगळ्या गोंधळात कुठलीच मालिका धड लिहिली गेली नसणार हे मी मान्य करते. पण लॉकडाउनमध्ये नवराबायको चोवीस तास एका घरात अडकलेले असताना जोडी जुळते की नाही हे जितकं कळलं तितकं एरवी कधीच कळलं नव्हतं, आणि ज्यांना हे टीव्हीवर दाखवायची संधी होती त्यांनी परत बबड्याच दाखवला!

तर तुमच्या पुरवणीसाठी एक सूचना. पुढच्या वेळी जोड्यांबद्दल विचाराल तेव्हा नवराबायकोची अट काढून टाका. सासू-सून, आजोबा-नात, दोन मैत्रिणी, कोणीही चालेल असं छापा आणि मग बघा किती वेगळी पत्रं येतात. माझं मत आत्ताच नोंदवून घ्या, आसावरी आणि शुभ्रा, पहिला भाग ते शेवटचा, आणि 'सूनबाई'वाले भाग त्यात धरायचे नाहीत.

जागा कमी पडली तर सौमित्रवाला परिच्छेद कापा, त्यावरून आमच्या भिशीत आधीच पुरेशी भांडणं झालीत. बबड्याचा मात्र एक शब्दही कापू नका.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)